अखाजीचे आठ दिवस

ग्रामपंचायतीच्या टेबलावरच्या समेटकाला कुणीतरी हळदकुंकू वाहिले होते. यंत्र जुन्या रेडिओएवढे. माणसांचे जबाब ऐकायचे आणि कोणत्या अटींवर भांडण पुन्हा पेटणार नाही ते सांगायचे, एवढेच त्याचे काम.

बंधाऱ्याच्या पाण्यावरून उंबरठाण आणि कासारदरा या समोरासमोरच्या गावांत दोन वर्षे मारामाऱ्या झाल्या. अकरा माणसे गेली. समेटकाचा तोडगा सोपा होता: पाणी निम्मे-निम्मे, आणि दहा वर्षे नदी कुणी ओलांडायची नाही. काठावर ड्रोनचा पहारा. शांतता टिकण्याची शक्यता शंभरात एक्याण्णव. परवा सकाळी दोन्ही सरपंच सह्या करणार होते.

समेट अधिकारी विभावरी देवरे कागद लावत होती. तेवढ्यात मंजुळाबाई चपला काढून दाराशी उभी राहिली. ती आत आली नाही.

"ताई, नदी बंद म्हणजे बायांनाही?"

"सगळ्यांनाच, मावशी."

"माझी रेखा कासारदऱ्याला दिलीय, माझ्याच भावाच्या मुलाला. सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. ती येणार कशी?"

खुर्चीतून उंबरठाणचे सरपंच भाऊराव म्हणाले, "काकू, तुझाच पोरगा मारला ना त्यांनी? नदी तर तुलाच आधी बंद पाहिजे."

"पोरगा गेला म्हणूनच पोरगी पाहिजे, भाऊराव."

विभावरीने मंजुळाबाईची नोंद काढली. गाव: उंबरठाण. जबाब: कुटुंबप्रमुखाच्या जबाबात समाविष्ट. नोंदीचा हा नमुना तिनेच तयार केला होता. त्यात गावासाठी एकच रकाना होता आणि प्रत्येक बाईपुढे तिने सासरचे गाव भरले होते. तिला स्वतःला कुणी गाव विचारले, तर ती आधी माहेरचे सांगायची. नमुना करताना मात्र हे तिच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने रकाना वाढवला आणि दोन्ही काठांवर जाऊन बायकांचे जबाब घेतले. उंबरठाणच्या निम्म्याहून जास्त सुनांचे माहेर कासारदऱ्यात होते. पलीकडेही तसेच. समेटकाने ज्यांना दोन गावे धरले होते, त्यांच्यातल्या शेकडो जणी दोन्हीकडच्या होत्या.

बोलता बोलता एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. "अखाजीला आम्ही गेलो होतो की."

अक्षय्य तृतीयेला खानदेशात अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. दोन्ही वर्षी, ऐन मारामारीच्या दिवसांत, बायका डोक्यावर गाठोडी घेऊन नदीतून गेल्या आणि आठ दिवसांनी परत आल्या.

विभावरीने समेटकाला त्या तारखा विचारल्या. पडद्यावर अक्षरे उमटली: या दिवसांबद्दल एकही जबाब नाही. माहिती अपुरी म्हणून वगळले.

काही घडलेच नव्हते, तर जबाब कोण देणार?

तिने भाऊरावांना गाठले. "अखाजीत दगडफेक करायची नाही, असं कुणी ठरवलं होतं?"

"ठरवायचं काय त्यात?" भाऊराव जरा ओशाळले. "पोरीबाळी येत-जात होत्या. दगड मारणार कोणाला?"

संध्याकाळी तिने नव्या जबाबांसकट यंत्र पुन्हा चालवले. नदी बंद ठेवली, तर शक्यता शंभरात अडतीस. खाली कारण होते: काही वर्षांत दोन्ही काठांना ओळखणारी माणसे उरत नाहीत. नदी उघडी ठेवली, तर चौऱ्याऐंशी. अट एकच, बायकांची ये-जा थांबता कामा नये.

सह्यांच्या सकाळी विभावरीने हे वाचून दाखवले. टेबलापाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. कासारदऱ्याचे सरपंच म्हणाले, "एक्याण्णवचे अडतीस झाले? उद्या म्हणाल तेरा. यंत्राचा काय भरवसा?"

"यंत्र बरोबर आहे. मी त्याला अर्धीच माणसं दिली होती," विभावरी म्हणाली. तिने आपला जुना, गावाच्या एकाच रकान्याचा नमुना सर्वांसमोर टेबलावर ठेवला.

भाऊराव हसले. "म्हणजे आता बायकाच आमच्या बंदोबस्ताला! काकू, झालं तुझ्या मनासारखं. आण पोरीला."

मंजुळाबाई अजून दाराबाहेरच होती. "आणीन. मला कोण अडवतो बघतेच." मग तिने दोन्ही सरपंचांकडे पाहिले. "पण आम्ही ये-जा करायची, म्हणजे तुम्ही दगड उचलणार नाही. असंच ना?"

"यंत्र तसंच म्हणतं," भाऊराव म्हणाले.

"आणि एखाद्याने उचललाच, तर तो आधी आमच्या डोक्यात. हे लिहिलंय त्यात कुठं?"

विभावरीने पाहिले. लिहिलेले नव्हते. तिने समेटक उचलून दाराच्या बाजूला ठेवला आणि त्याचा हिरवा दिवा लागला. यंत्र ऐकत होते.

मंजुळाबाईने पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले. टेबलाकडे पाहिले, मग त्या दोन खुर्च्यांकडे.

"शांतता राखायची आम्ही," ती म्हणाली. "मग पाण्याचं ठरेल तेव्हा आम्ही बसायचं कुठं?"