बत्तिसावा भाग

कपडे धुवायच्या मशीनने तीनदा पीं पीं केलं आणि मी श्वास रोखला. आतल्या खोलीत टिल्ली कुशीवर वळली, पुन्हा झोपली. दुपारचे दोन. तिच्या झोपेचा एक तास, तेवढाच माझा. ओले कपडे मशीनमध्येच ठेवून मी धाकट्या भावाचा कॉम्प्युटर लावला.

तो जुने गेम खेळत त्यांचे व्हिडिओ करायचा. शेवटची मालिका होती आमच्या जन्माआधीच्या एका गेमची. त्यात चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसत्या खुणा. ठिपके म्हणजे जमीन, रेघा म्हणजे भिंती आणि '@' म्हणजे आपण. एकाखाली एक तळघरं उतरत जायचं. आपण कळ दाबल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही. आणि मेलात की मेलात. सेव्ह केलेली फाईलही गेम पुसून टाकतो. त्या फाईलची आधीच प्रत काढून ठेवणं ही सगळ्यात हलकट लबाडी, असं तो दर दोन भागांआड बजावायचा. आपल्या '@'चं नाव त्याने ठेवलं होतं 'टिल्लीचा मामा'.

एकतीस भाग झाले. बोलताना आलेला खोकला तो कापून टाकायचा, त्यामुळे बघणाऱ्यांना काही कळलं नाही. बत्तिसाव्या भागाआधी तो गेला. टिल्लीचा मामा मात्र विसाव्या तळघरात, जिन्यापाशी, जिवंत उभा होता.

मालिका मी पुरी करायची ठरवली. नवरा म्हणाला, तुला टीव्हीचा रिमोट झेपत नाही, तू राक्षस मारणार? पण माइक त्यानेच जोडून दिला. मी पहिलं काम केलं ते फाईलची प्रत काढायचं. कुणाला सांगितलं नाही. भावाचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

पहिल्याच दुपारी, अकराव्या मिनिटाला, मी त्याला मारलं. नको ते दार उघडलं. पडद्यावर थडगं आलं, त्यावर नाव आलं, फाईल गेली. मी प्रत तिच्या जागी ठेवली. मामा परत जिन्यापाशी. मधला मरणाचा तुकडा कापून मी भाग इंटरनेटवर टाकला.

दोन दिवसांनी व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, छान खेळलात. पण खोकला अंगावर काढू नका."

मला खोकला नव्हता. रेकॉर्डिंग लावून ऐकलं. मामा परत उभा राहतो तिथे, माइकपासून जरा लांब, दोन ठसके. टिल्ली झोपेत खोकली असेल, म्हटलं. तिच्या छातीला कान लावला, कपाळ पाहिलं. पोरगी ठणठणीत.

दुसऱ्यांदा मारलं तेव्हा प्रत ठेवल्यावर नीट पाहिलं. जिन्याशेजारी थडग्याच्या दोन खुणा होत्या. कळ दाबून वाचलं. दोन्हींवर तेच नाव. प्रत तर दोन्ही मरणांच्या आधीची. तिला हे कुठून ठाऊक? नवऱ्याला मोघम विचारलं. असे जुने गेम कुठेकुठे नोंदी ठेवतात, म्हणाला. मी पटवून घेतलं.

दवाखान्यातही मी असंच काहीबाही पटवून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा भावाचं हृदय परत चालू केलं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, आता राहू द्या.

"अजून एकदा," मी म्हटलं.

त्यांनी केलं. त्यानंतर तो चाळीस मिनिटं होता. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता की छताकडे, ते मला आजही सांगता येत नाही.

गेममध्ये तिसऱ्यांदा मी त्याला अगदी जपून खेळवलं. तरी गेला. मी प्रत ठेवली.

तीन थडगी. मध्ये मामा.

जिना उतरायची कळ दाबली. तो उतरला नाही. परत दाबली.

मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

तो एक घर मागे सरला. मग आणखी एक. जिन्यापासून लांब, भिंतीकडे, थांबत थांबत, दम लागलेला माणूस चालतो तसा. कोपऱ्यात जाऊन थांबला.

हेडफोनमध्ये कुणीतरी खोकलं. मी हेडफोन काढले. घरात काहीच आवाज नव्हता.

मागे वळले तर टिल्ली दारात उभी, एका हातात फरफटत आणलेलं पांघरूण. गाल उशीच्या वळांनी लाल झालेले. हा गेम तिने कधी पाहिला नव्हता. मामा लांब कामाला गेलाय, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. मी तिला उचलून कडेवर घेतलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत झोपाळू आवाजात विचारलं,

"आई, तू मामाला परत परत उठवतेस, तेव्हा त्याला दुखतं का गं?"