उसनं हसू

सांगलीत स्वतःच्या हातानं गाडी चालवणं आता हौसेपुरतंच उरलं होतं, लग्नात घोड्यावर बसतात तसं. रस्त्यावरच्या साऱ्या गाड्या आपल्या आपण धावत. तरी धुमाळांच्या धाकट्या सुनेला, केतकीला, हुक्की आली. "ताई, मिरजेपर्यंत आज मी चालवते," म्हणत तिनं थोरल्या जावेला शेजारी बसवलं आणि पहिल्याच वळणावर गाडी दुभाजकावर घातली.

खरचटलं कुणालाच नाही. पण थोरल्या ऋजुताताईंचा जबडा जो आखडला, तो आखडलाच. दातावर दात आवळून त्या पेज पिऊ लागल्या. समोर घरचे सगळे भडंग खात, आणि ताई नुसत्या कुरकुर आवाज ऐकत. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारं त्यांचं गडगडाटी हसणं बंद पडलं. केतकीशी बोलणंही बंद. बिचारी रोज माफी मागायची, ताई भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

मिरजेच्या डॉ. शाझिया मुजावर कायरोप्रॅक्टर होत्या, म्हणजे मणके आणि सांधे हातांनी दाबून जागेवर आणणाऱ्या. त्यांनी ताईंची मान मोकळी केली. जबडा काही हलेना.

"काकू, हाडं जागेवर आहेत. पण धक्का बसताना तुम्ही दात आवळलेत ना? अपघात संपलाय, हे मानेला कळलं. जबड्याला अजून कळलेलं नाही. तो अजून गाडीतच बसलाय."

"मग उतरवा की त्याला," ताई दातांतून म्हणाल्या.

उपाय होता. धक्क्यातून सावरताना स्नायू ज्या क्रमानं सैल होतात, तो क्रम नोंदवून दुसऱ्याच्या स्नायूंना शिकवता येत असे. त्याला सावरठसा म्हणत. अट एकच. तोच धक्का खाऊन सावरलेल्या माणसाचाच ठसा चाले.

"गाडीत आणखी कोण होतं?"

ताईंनी दाराबाहेर उभ्या केतकीकडे नुसती मान उडवली.

केतकीच्या गालांना ठसा नोंदवणाऱ्या पट्ट्या लावून डॉक्टरांनी विचारलं, "धक्का बसल्यावर तुम्ही काय केलंत?"

केतकी ओशाळली. "हसत सुटले. घाबरून. थांबेचना."

"हेच!" ताई दातांतून कडाडल्या. "माझा जीव चालला होता, आणि ही हसत होती. ते मी मरेपर्यंत विसरायची नाही!"

डॉक्टरांनी ताईंच्या कानांपुढच्या सांध्यांवर अंगठे ठेवले आणि यंत्र सुरू केलं. गालांत मुंग्या आल्या. खट्‌ आवाज झाला, ताईंचं तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. ते गडगडाटी मात्र नव्हतं. बारीक, किणकिणतं, शेवटी नाकातून फुर्र करणारं. हुबेहूब केतकीचं! साऱ्या दवाखान्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या खेपेला ताई आल्या त्या भडंगाची पिशवी आणि केतकीचा हात धरून.

"डॉक्टर, काय सांगू! गाडी दुभाजकावर, मी दात आवळून बसलीय, आणि ही मेली खिदळतीय! आठवलं की पोट दुखतं हो." फुर्र. "हिच्यावर रागावले कशी मी?"

डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. ताई भडंग वाटत बाहेरच्या पेशंटांकडे गेल्या, तशी केतकी खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "ताईंचा राग कुठं गेला?"

डॉक्टर म्हणाल्या, "हसू मनातून चेहऱ्यावर येतं, तसं चेहऱ्यावरून मनातही जातं. तुमच्या ठशाबरोबर तुम्हाला तो अपघात जसा वाटला, तसाच आता त्यांना वाटतोय."

"म्हणजे मला माफ त्यांनी केलं, की मीच?"

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. "त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओतल्या हसण्यावरून त्यांचा स्वतःचा जुना ठसा बांधता येईल. जबडा आता सुटलाय, म्हणून धक्क्याची ती अट उरली नाही, आणि दुखणारही नाही. पण राग परत येईल."

"येऊ दे," केतकीचे डोळे भरले. "मी पुन्हा पाया पडेन, वर्षभर पडेन. पण माफी मला माझ्या ताईंकडून हवी. त्यांचं हसू ऐकून किती दिवस झाले."

दारातून ताईंनी ऐकलं होतं. भडंगाचा घास चावत त्या आत आल्या आणि केतकीच्या डोक्यावर टपली मारली.

"वेडी कुठली! मला नको बाई तो जुना जबडा. मी मजेत आहे."

आणि त्या हसल्या. केतकीला राहवेना, तीही हसली, आणि दोघींचं फुर्र एकदमच झालं. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. खोलीत एकच बाई हसत होती.