रिकामी दोन आवर्तनं

बाष्पकक्षाचं काचेचं दार लागलं, की आत बोलायचं नाही, खोकायचंही नाही, असा पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेचा दंडक होता.

"म्हणजे कागदाला कान असतात म्हणा की," फिलोमेनाबाई मच्याडो म्हणाल्या. नव्वदी ओलांडलेल्या, वसईहून मुद्दाम आलेल्या.

"कागदाला नाही, शाईला," डॉ. इरफान मुजावर हसला. "ओल्या शाईवर आवाजाचे बारीक तरंग उठतात आणि ती वाळली की तिथंच गोठतात. आम्ही वाफेनं शाई मऊ करतो. जुने तरंग सुटतात, ते आमचं शाईश्रवण यंत्र टिपतं. पण मऊ शाई पुन्हा वाळेपर्यंत नवा आवाजही घेते. म्हणून आत मौन."

फिलोमेनाबाईंचे वडील पास्कोल रंगूनच्या सिनेमागृहात पियानो वाजवत. युद्धात शहरावर बॉम्ब पडले तेव्हा ते आणि पत्नी रेजिना तळघरात अडकले. ढिगाऱ्याच्या अलीकडे ते, पलीकडे ती. छोटी फिलोमेना मावशीबरोबर आधीच बोटीनं निघाली होती. काही दिवसांनी पास्कोल एकटेच बाहेर आले, हातात तळघरात स्वतः लिहिलेल्या पियानोच्या सोनाटाची पानं घेऊन. त्या सोनाटाची चिकित्सक आवृत्ती आता मृदुला टेंगशे सिद्ध करत होती. शेवटच्या पानावर सुटकेच्या दिवसाची तारीख होती, आणि मधली दोन आवर्तनं कोरी.

"मावशी मरेपर्यंत म्हणत होती, जिवंत बायकोला टाकून कागद घेऊन आला," फिलोमेनाबाई म्हणाल्या. "पपांच्या कबरीवर मी अजून फूल ठेवलेलं नाही. छापायचं ते छापा, मला एवढंच सांगा."

ते शेवटचं पान घेऊन मृदुला कानांवर श्रवणिका चढवून एकटीच आत गेली. वाफ चढली. भिंतीतून झिरपावा तसा पुरुषाचा गुणगुणणारा आवाज आला. ओळ चढत गेली आणि अर्ध्यावर थांबली. शांतता. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथंच थांबणं.

पडताळणीसाठी इरफाननं तेच पान दुसऱ्यांदा मऊ केलं. या वेळी पुरुष नव्हता. एका बाईच्या खालच्या आवाजानं ती ओळ अलगद पुरी केली.

"वरचा थर सुटला, खालचा मिळाला," इरफान म्हणाला. "मृदुलाताई, कोरी आवर्तनं सापडली. रेजिनाबाई गाताहेत."

फिलोमेनाबाईंनीही ऐकलं. त्यांचा चेहरा कोरडा झाला. "म्हणजे ममी त्या दिवशी जिवंत होती. मावशी खरं बोलत होती."

मृदुलानं आवाज पुन्हा लावून घेतला. समेच्या आधी एक हलका हेलकावा होता. तो तिला तिच्या वडिलांनी शिकवला होता.

"हा आवाज माझा आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच. तुम्ही आत गप्प होतात."

"मलाही तसंच वाटत होतं. कान झाकलेले होते, स्वतःचं कुठलं ऐकू येतंय?" ती खुर्चीत बसली. "इरफान, मी कीर्तनकाराची मुलगी. लहानपणापासून बुवांच्या मागं उभी राहून झील धरली. बुवा चरण अर्ध्यावर सोडायचे, आम्ही तो उचलून समेवर ठेवायचा. देवाचं नाव एकट्यानं पुरं होत नाही, म्हणायचे. कुणी ओळ सोडली की माझा गळा मला विचारत नाही. पहिल्या वेळी शाई मऊ होती, तिनं माझा आवाज घेतला. दुसऱ्या वेळी तिनं मलाच परत केलं."

"हे बाहेर गेलं तर आवृत्ती संपली. आपल्या यंत्रावर कोण विश्वास ठेवील?"

"आणि नाही गेलं तर बाईंचे वडील कायमचे दोषी."

इरफाननं पहिलं ध्वनिमुद्रण लावलं आणि श्रवणिका फिलोमेनाबाईंच्या कानांवर बसवली.

त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. एकदा हसल्यासारखं झालं. "हे आमचं घरातलं होतं. पपा अर्धी ओळ म्हणायचे, उरलेली ममी. ती काय गप्प बसणारी? चर्चमध्ये फादरचीसुद्धा ओळ तीच पुरी करायची."

मग हसू गेलं. श्रवणिकेत तळघर पुन्हा गप्प झालं होतं.

"ती आधीच गेली होती," त्या म्हणाल्या. "आणि ते हाका मारत होते." त्यांनी श्रवणिका काढून विचारलं, "किती वेळ थांबले असतील हो?"

"शाई वाळेपर्यंत तरी होते," मृदुला म्हणाली. "पुढचं कागदाला माहीत नाही."