नवशा सोडून सगळ्यांना

मुरबाडच्या अभ्यासिकेत परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली, आणि त्यात एकजण लॅपटॉपशी भांडत होता. "कोणी बनवलंय रे हे... वैताग नुसता." शेजारच्या योगिनीनं तिरक्या नजरेनं त्याचा स्क्रीन पाहिला नि तिचे कान तापले.

"मी बनवलंय," ती हळूच म्हणाली.

हा नवशा, जवळच्या धसई गावचा. दोघं एकाच ब्लॉकचेन कंपनीत, घरून कामाला, आणि आजवर एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! तो त्या ब्लॉकचेनचा मूळ कोड लिहिणारा. अशा इंजिनिअरांचं काम सोपं करायचं, हे योगिनीचं काम. त्यानं एक ओळ बदलली, की आधी लॅपटॉपवरच लुटुपुटूचं नेटवर्क उभं करून ती तपासायची. ते उभं करणारं टूल योगिनीचं. पण मेलं दर वेळी सगळं नव्यानं डाउनलोड करी, पाऊण तास खाई.

"तेवढा वेळ मी काय करू? तुमीच सांगा."

"चहा प्या."

"एकट्यानं?"

झालं. तेव्हापासून नेटवर्क उभं राहीपर्यंत दोघं बाहेर कट्ट्यावर. झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास, उकडलेल्या शेंगा, हसताना त्याचं नजर चुकवणं... 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. योगिनी पार गुंतली.

पण कामाची पोर ती. टूलही तिनं सुधारलंच. नेटवर्क चार मिनिटांत उभं राहू लागलं. कंपनीत सगळ्यांना तिनं ते दिलं, एका नवशाला तेवढं दिलं नाही. हात धजलाच नाही बघा.

मग एका दुपारी शेंग सोलता सोलता तो म्हणाला, "मी बंगळूरूला जातोय गो. तिथं हापिसात नेट चांगलं. इथं निम्मा दिवस वाट बघण्यात जातो, मग जागरणं. आजच कळवतो कंपनीला."

बोलावं तर हा चिडणार, गप्प बसावं तर हा जाणार.

"नको कळवू," ती म्हणाली. "चार मिनिटांत होतंय आता. सगळ्यांना दिलंय मी... तुलाच नाय दिलं."

"का?"

"मग तू कट्ट्यावर कशाला आला असतास?"

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "महिनाभर झोप नाय मला," तो म्हणाला.

"चुकलं माझं." तिनं तिथंच त्याला नवं टूल पाठवलं. त्यानं मांडीवरच्या लॅपटॉपवर ते चालवलं. चहा निवायच्या आत नेटवर्क उभं राहिलं.

योगिनीनं पिशवी उचलली. आता बसायला निमित्तच उरलं नव्हतं.

"कुठं चाललीस?"

"तुझं काम झालं ना."

त्यानं लॅपटॉप मिटला. नजर या वेळी चुकवली नाही. "बंगळूरू नाय, काय नाय. तू आवडतेस मला... एवढं सांगायला चार मिनिटं पण लागत नाय. मीच येडा, महिनाभर चहा पीत बसलो."

योगिनीनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.