छापखान्यातलं टाकाऊ

"टाकाऊ म्हणून काय काय नेऊ?" त्यानं दारातूनच विचारलं.

"मी सोडून सगळं," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

तो हसला. अभिमन त्याचं नाव. अठ्ठ्याऐंशी साल होतं. जळगावात ऑफसेट छपाई आली होती आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या छापखान्याला उतरती कळा लागली होती. मी तिथं खिळे जुळवायची, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर पट्टीवर लावून लग्नपत्रिका तयार करायची. अन् हा वेडा झिजलेले खिळे, फाटके रबरी रूळ, पत्रिकांवरचे गणपतीचे ठसे नेऊन त्यांचं शिल्प करत होता!

पुढे मीच सामान पोचवायला त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊ लागले. त्याच्या शिल्पाला ना हात, ना तोंड... नुसता वर चढत गेलेला वेडावाकडा डोलारा.

"कशाचं आहे हे?"

"कशाचंच नाही. बघून काय वाटतं ते सांग."

"उकडतंय."

"गालाला शाई लागलीय तुझ्या."

"मग पूस ना—"

रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं ती इतकी हळू पुसली, की मला रॉकेलचा वाससुद्धा आवडायला लागला. "हे पूर्ण झालं की आबांशी बोलतो," तो म्हणाला. मी खुळी, त्या दिवसापासून आणखी टाकाऊ शोधत सुटले. पण नवं काही नेलं, की हा आधीचं मोडायचा अन् पुन्हा रचायला बसायचा.

दिवाळीनंतर धुळ्याचं स्थळ आलं, तेव्हा आबांनी विचारलं, "धुयाना पोऱ्या चांगला शे. तुना मनमा दुसरं कोनी शे का?"

मी तशीच शेडवर धावले. "आजच ये. आजच बोल आबांशी."

तो शिल्पाकडे बघत राहिला. "थोडंच राहिलंय गं... असं अर्धवट ठेवून कुठल्या तोंडानं येऊ?"

"अर्धवट चालेल मला!" मी ओरडलेच.

तो आला नाही. दिवेलागणीपर्यंत वाट बघून मी आबांना म्हणाले, "कोनी नही."

माझी लग्नपत्रिका ऑफसेटवर छापली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून माहेरी आले. गल्लीत पोरी झोक्यावर गात होत्या. छापखाना रिकामा होता. मी शेडवर गेले. शिल्प पत्र्याला टेकलं होतं, अन् तो खाली बसला होता, वाळून गेलेला.

"झालं पूर्ण?"

"नाही... आता काही सुचतच नाही."

राग यायला हवा होता, पण मला रडू आलं. खिळे, रूळ, ठसे, माझी जुळणीची पट्टीसुद्धा... आमचा अख्खा छापखाना त्यात होता. त्यानं सगळं नेलं होतं. मी सोडून सगळं.