आठचं फॅक्टोरियल

दोन्ही उत्तरपत्रिकांवर एकच अशक्य उत्तर होतं : उणे २५२१६.

विचारलं होतं आठचं फॅक्टोरियल. म्हणजे एकपासून आठपर्यंतचा गुणाकार. तो उणे येईलच कसा?

"कॉपी आहे, मॅडम. चूकसुद्धा सारखी!" बेंद्रे सर म्हणाले आणि त्यांनी शिपायाला लॅबची कडी बाहेरून घालायला लावली. "कबुलीवर सही झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

कोथरूडच्या त्या कॉलेजात हेमा लोहोकरे सी या संगणक-भाषेच्या प्रात्यक्षिकाला परीक्षक म्हणून आल्या होत्या. आता आत चौघंच होते. त्या, सर, आणि दोन विद्यार्थी, निशा आणि प्रज्ञेश. खिडक्यांना गज. पंखा नुसताच कुरकुरत होता.

सरांनी कबुलीचा कागद निशापुढे सरकवला.

"प्रज्ञेशनं पेपर आधी दिला, तू नंतर. मग कुणी कुणाचं पाहिलं? कर सही."

"मी नाही पाहिलं, सर." वाशीमच्या त्या मुलीनं कागद परत सरकवला. "कॉपी लागली तर बाबा मले घरी नेतील. मग शिक्षण संपलंच."

"हा विचार आधी करायचा असतो."

हेमाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "निशा, पेपर द्यायला उशीर का झाला?"

"लिहून झाला होता, मॅडम. तुम्ही तोंडी परीक्षेला केबिनमध्ये बोलावलं, म्हणून टेबलावर पालथा ठेवला."

"तुझं मशीन कोणतं?"

"हे जुनं. निळ्या स्क्रीनचं."

"आणि प्रज्ञेश, तुझं?"

"शेजारचं, नवीन. जुन्यावर फार बोअर होतं, मॅडम. सरांना सांगून बदलून घेतलं."

"प्रोग्रॅम चालवून पाहिलास?"

"ऑफकोर्स."

"आणि उत्तर उणे आलं?"

"आलं म्हणून तर लिहिलं ना!"

"मग परत चालव बाळ. पेपरात आहे अगदी तसाच."

प्रज्ञेशनं टाइप केलं. बटण दाबलं.

४०३२०.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तो दाराकडे बघू लागला. दार बंद होतं.

"निशा, आता तू. तुझ्या मशीनवर."

निळ्या पडद्यावर उमटलं : उणे २५२१६.

"हे काय गौडबंगाल?" सर पुटपुटले.

"गौडबंगाल नाही, सर. दोघांनीही उत्तर साठवायला int घेतलाय. int म्हणजे आकडा ठेवायची डबी समजा. निशाच्या जुन्या मशीनवरच्या कंपायलरमध्ये ती लहान. ३२७६७च्या पुढचा आकडा मावत नाही, उलटून उण्यात जातो. नव्यात डबी मोठी, ४०३२० सहज मावतात. म्हणजे ही चूक फक्त निशाच्या मशीनवरच होऊ शकते. प्रज्ञेशच्या पेपरात ती आली कुठून? निशा माझ्यासमोर तोंडी परीक्षा देत होती, तेव्हा यानं तिचा पेपर उलटून उत्तरासकट उतरवला. चालवून बघायचीही तसदी घेतली नाही."

"पण पेपर यानं आधी..."

"उतरवायला वेळ कितीसा लागतो, सर?"

प्रज्ञेशनं मान खाली घातली. "सॉरी, मॅडम. मला तो गुणाकार फिरवायचा लूपच जमत नव्हता."

"सॉरी तिला म्हण." हेमाबाईंनी कबुलीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. "सर, कडी काढायला सांगा."

दार उघडलं, तरी निशा जागची हलली नाही.

"मॅडम, मग माझे मार्क?"

"एक कापणार. int नाही, long घ्यायला हवा होता, मोठी डबी."

"मशीननं दिलं तेच लिहिलं ना, मॅडम!"

"मशीन देईल गं काहीही. आठपर्यंतचा गुणाकार उणे कसा आला, हे तू बघायचं."

निशा डोळे पुसत हसली. "एक काय, दोन कापा, मॅडम," म्हणाली, आणि दप्तर उचलून बाहेर पडली.