ठिपक्यांचा स्वेटर

"सदतीस, अडतीस, एकोणचाळीस..."

"चाळीस," मागून कोणीतरी म्हणालं. मराठीत!

चौकटीच्या कागदावर टाके मोजणारी माझी पेन्सिल थांबली. १९६९ चा मे महिना, एडिनबराच्या क्वीन स्ट्रीटवरचं म्युझियम, बाहेर टोप्या उडवणारा वारा... आणि काचेच्या कपाटावर वाकलेल्या माझ्या मागे एक उंच, सावळा, जरासा ओशाळलेला तरुण.

"तुम्ही माझी मोजणी घालवलीत," मी म्हणाले.

"सॉरी. चार महिन्यांत मराठी आकडा कानावर पडला नव्हता. राहवलं नाही."

ओठ नीट मिटलेले, पण डोळे हसत होते त्याचे. नाव यशोधन गुप्ते, गाव रेवदंडा, इथल्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर. मी लीया रोहेकर, भायखळ्याची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू मुलगी.

"रोहेकर? म्हणजे मूळच्या रोह्याच्या. शेजारणीच की!" असं म्हणून तो कपाटात डोकावला. आत व्हायकिंगांचा हजार वर्षांपूर्वीचा काशाचा बिल्ला होता. त्यावर एक प्राणी... अंगाला पीळ घातलेला, स्वतःच्याच पंजांनी स्वतःचाच गळा धरलेला.

"ह्याला श्वास घ्यायला त्रास होत असणार," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

"ह्याला मी स्वेटरवर आणणार आहे."

"अशा अवस्थेत?"

मला हसू आवरेना. "व्हायकिंगांना नावं ठेवू नका. ते बोटींतून आले, तसे आमचे पूर्वजही बोटीनंच कोकणात आले म्हणतात. फक्त आमची बोट किनाऱ्याला फुटली."

"बरं झालं."

"काय? बोट फुटली ते?"

"हो ना. नाहीतर... परत गेले असते ना सगळे."

एवढं बोलून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला. आणि मी? मी उगाचच पेन्सिलीला टोक काढत बसले.

कोपऱ्यावरच्या टीरूममध्ये चहा घेताना मी त्याला माझी अडचण सांगितली. बसने दोन तासांवर, टेकड्यांमधल्या एका लोकरीच्या मिलमध्ये मी डिझाइनर होते. वर्षभराचा करार जुलैअखेर संपत होता. तोवर माझं एक तरी डिझाइन पसंत पडलं तर कामाचं परमिट वाढणार, नाहीतर सामान बांधायचं. हिमकण आणि सांबरांचे स्वेटर सगळेच काढत होते. मला व्हायकिंगांची ती पिळाची नक्षी विणायची होती. पण पहिला नमुना दाखवला तेव्हा आमचे साहेब, मिस्टर लेडलॉ, यांचं बोट आतल्या बाजूच्या लोंबत्या धाग्यांत अडकलं. "मिस रोहेकर," ते म्हणाले होते, "हा स्वेटर आहे की मासे धरायचं जाळं?"

यशोधनने कप खाली ठेवला. "रविवारी दोन ते चार व्हिजिटिंग असतं. याल? माझ्या वॉर्डात शेटलंडच्या, विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बेटांवरच्या, एक आजी आहेत, इंगा मॅन्सन. खुब्याचं हाड मोडलंय, पण विणकामाच्या सुया काही खाली ठेवत नाहीत. सिस्टरच्या कार्डिगनला सुद्धा नावं ठेवतात."

मी गेले. इंगाबाईंनी नमुना हातात घेतला तो आधी उलटा केला.

"पुढची बाजू कोणीही छान काढतं, बाळ," त्या म्हणाल्या. "हे बघ, अकरा टाके दुसऱ्या रंगाचा धागा मागे नुसता लोंबतोय. आमच्याकडे चार-पाचाच्या पुढे जाऊ देत नाहीत. तुझ्या प्राण्याचं अंग सगळं कोरं का?"

"बिल्ल्यावर तसंच..." मी बोलता बोलता थांबले. तसं नव्हतं! त्या प्राण्याच्या अंगभर बारीक ठिपके होते. नक्षी साफ दिसावी म्हणून मीच ते गाळले होते. ठिपके घातले की दुसऱ्या रंगाचा धागा दर चार टाक्यांनी वर येणार, मागे लोंबायला जागाच उरणार नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने माझं उत्तर तिथेच लिहून ठेवलं होतं. ते दिसलं मात्र इंगाबाईंना, बिल्ला न बघताच.

मी वाकून त्यांचे हात हातात घेतले.

"आभार नंतर," त्या म्हणाल्या. "आधी उसव."

मग सहा रविवार मी त्या वॉर्डात गेले. यशोधनची ड्युटी नसली तरी तो असायचाच. इंगाबाई त्याचे दोन्ही हात पुढे करायला लावत, त्यांवर लोकरीची लडी चढवत आणि मला गुंडा करायला सांगत. मी धागा ओढायची, तो मनगटं हलवायचा... डावीकडे, उजवीकडे.

"हळू ओढा," तो एकदा म्हणाला.

"दुखतंय?"

"नाही. संपेल लवकर."

त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये मी तिकीट दोनदा हरवलं. पुढच्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला बाबांचं पत्र आलं. घर आवरून सगळे सप्टेंबरात इस्रायलला निघणार होते. अश्दोदला एलिशा नावाचा इंजिनियर मुलगा होता, आपल्यातलाच, चांगला. तू तिकडेच ये, असं बाबांनी लिहिलं होतं. मी ते यशोधनला सांगितलं. त्याने लडी नीट माझ्या मांडीवर ठेवली.

"छान," तो म्हणाला. एवढंच.

नंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. "दुसऱ्या वॉर्डातली ड्युटी मागून घेतलीय त्यानं," इंगाबाई म्हणाल्या. "शहाणा डॉक्टर आहे. आणि मूर्ख मुलगा."

महिनाअखेर मी स्वेटर लेडलॉसाहेबांच्या टेबलावर ठेवला. गडद निळा, छातीवर राखाडी ठिपक्यांचे, एकमेकांत गुंतलेले प्राणी. त्यांनी तो उलटा केला. बोट घातलं. फिरवलं. काहीच अडकलं नाही. पुन्हा फिरवलं.

"नाव काय ठेवायचं ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"इंगा," मी म्हणाले, आणि तिथेच, साहेबांसमोर, रडले.

दोन वर्षांचं परमिट मिळालं. रविवारी मी धावतच हॉस्पिटलात गेले. इंगाबाई दुसऱ्या दिवशी घरी निघणार होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता जा. तो वरच्या मजल्यावर आहे."

यशोधन कॉरिडॉरमध्ये फाइल वाचत उभा होता. मला बघून त्याने फाइल मिटली.

"ड्युटी मागून घेतलीस?"

"हो."

"का?"

"तुला... जायला सोपं पडावं म्हणून."

"मला विचारलंस? जायचंय का म्हणून?"

त्याने मिटलेली फाइल उगाचच पुन्हा उघडली.

"मी बाबांना लिहिलंय," मी म्हणाले. "एलिशाला नाही कळवा म्हणून. आणि लिहिलंय की इथे एक मुलगा आहे, आपल्यातला नाही, रेवदंड्याचा. स्वभावाने चांगला. डॉक्टर आहे, पण स्वतःला काय झालंय ते त्याला ओळखता येत नाही."

"येतं," तो हळूच म्हणाला. "मे महिन्यापासून येतं, लीया. सांगायचं धाडस नव्हतं. तुझं सगळं घर एकीकडे... आणि मी एकटा दुसरीकडे. कुठल्या तोंडानं थांब म्हणू?"

"ह्याच. म्हणून बघ."

"थांब," तो म्हणाला. "माझ्यासाठी थांब."

ट्रॉली ढकलत येणाऱ्या सिस्टरला आम्ही वाट करून दिली. बाजूला सरकताना त्याने माझा हात धरला तो धरलाच.

त्याने त्याच्या आईला लिहिलं. तिचा होकार आला तो आंब्याच्या लोणच्याच्या पार्सलबरोबर. बाबांच्या उत्तराला मात्र तीन आठवडे लागले. ते मी एकटीने फोडलंच नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत, बाकावर, यशोधनच्या शेजारी बसून वाचलं.

'चि. लीया,' बाबांनी लिहिलं होतं, 'तुझी आई तीन दिवस बोलली नाही. मीही फारसा बोललो नाही. आपलं घर उठतंय, त्यात तू दूर राहणार, याचं दुःख आहेच. पण परक्या देशात कोणी तुझी काळजी वाहतं, यासाठी मी देवाचे आभार मानले. चौथ्या दिवशी आई म्हणाली, रेवदंड्याचा म्हणजे कोळंबी खाणारा असणार. त्याला आत्ताच सांगून ठेव, जावई झाला तरी कोळंबी आपल्या धर्मात वर्ज्य, घरात शिजत नाही.'

यशोधनने पत्र माझ्या हातातून घेतलं. पुन्हा वाचलं. डोळे पुसले. मग माझंच पेन मागून, पत्राच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेत, सावकाश लिहिलं:

'आईंना साष्टांग नमस्कार. कोळंबी आजपासून सोडली.'